एचआयव्ही शरीराची आठवण कशी पुसतो

लहानपणी एकदा गोवर येऊन गेला की तो सहसा पुन्हा येत नाही. धनुर्वाताच्या लसीचे डोस पूर्ण झाले की पुढची कित्येक वर्षं रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. हे ज्या पेशींमुळे घडतं त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. एखाद्या जंतूशी पहिली गाठ पडते तेव्हा त्याला ओळखू शकणाऱ्या शरीरातल्या मोजक्या पेशी झपाट्याने वाढतात. जंतू हटला की त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मरून जातात. मागे राहतात त्या थोड्या पेशी तो जंतू लक्षात ठेवून वर्षानुवर्षं टिकतात आणि पुढच्या वेळी दिवसांऐवजी तासांत कामाला लागतात.

एचआयव्हीचा विषय निघाला की तो बहुतेक वेळा सीडी४ च्या आकड्यावर येऊन थांबतो. सीडी४ पेशी म्हणजे पृष्ठभागावर सीडी४ हे प्रथिन असलेल्या, बाकी बचावाला दिशा देणाऱ्या टी पेशी; टी पेशी हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. निरोगी माणसात रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात, आणि २०० च्या खाली गेल्या की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. आकडा महत्त्वाचा आहेच. मात्र किती पेशी गेल्या याइतकाच कोणत्या गेल्या हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचं उत्तर साध्या सीडी४ अहवालात नसतं. एचआयव्ही स्मृतिपेशींवरच सर्वांत जास्त घाला घालतो. त्या पेशींबरोबर त्यांनी जपलेली ओळखही जाते.

स्मृतिपेशी कोणकोणत्या

टी पेशींमधला एक गट मध्यवर्ती स्मृतिपेशींचा. त्या रक्तातून लसिकाग्रंथींमध्ये ये-जा करत राहतात. तातडीचं काम त्या फारसं करत नाहीत, पण वेळ आली की भराभर वाढतात. पेरणीसाठी बाजूला काढून ठेवलेल्या बियाण्यासारख्या या पेशी. दुसरा गट कार्यकारी स्मृतिपेशींचा. त्या आतडी, फुफ्फुसं, त्वचा अशा सीमेवरच्या जागांवर पहारा देतात, जंतू दिसला की काही तासांत संदेश देणारी रसायनं सोडतात, पण त्यांची वाढायची ताकद कमी आणि आयुष्यही कमी. त्यांची तूट मध्यवर्ती पेशींमधून भरून निघते. काही पेशी एकाच ऊतीत ठाण मांडून राहतात, रक्तात परत येतच नाहीत. आणि अगदी थोड्या पेशी मूळपेशींसारख्या असतात. बाकी सगळे गट त्यांच्यातून पुन्हा उभे राहू शकतात.

प्रतिपिंडांचं काम सांभाळणाऱ्या बी पेशींचं खातं वेगळं. तिथे स्मृति-बी पेशी असतात, आणि त्यांच्या जोडीला अस्थिमज्जेत राहून सतत प्रतिपिंडं बनवणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी असतात.

टी स्मृतिपेशींना जगायला जंतूची गरज नसते. आयएल-७ आणि आयएल-१५ या दोन प्रथिनांच्या इशाऱ्यावर त्या अधूनमधून विभागून आपली संख्या राखतात. यातलं आयएल-७ लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

पहिल्या काही आठवड्यांतली लूट

एचआयव्हीला पेशीत शिरायला दोन दारं एकाच वेळी उघडी लागतात: एक सीडी४ आणि दुसरं बहुतेक वेळा सीसीआर५ नावाचं प्रथिन. ज्या टी पेशींनी अजून कुठलाच जंतू पाहिलेला नाही त्यांच्यावर सीसीआर५ जवळजवळ नसतं. ते असतं अनुभवी पेशींवर, आणि त्यातही कार्यकारी स्मृतिपेशींवर भरपूर. म्हणजे हा विषाणू ज्या दारातून आत येतो ते दार मुळात स्मृतिपेशींचंच आहे.

अशा पेशींचा सर्वांत मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो. रक्तात शरीरातल्या एकूण लिम्फोसाइट (टी, बी वगैरे) पेशींपैकी जेमतेम दोन टक्के फिरत असतात, त्यामुळे रक्ताच्या नळीत आतड्यातली हानी नीट दिसत नाही. माकडांमधल्या एसआयव्ही या भाऊबंद विषाणूवर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासाने हे चित्र स्पष्ट केलं. लागण शिखरावर असताना शरीरभरातल्या ३० ते ६० टक्के सीडी४ स्मृतिपेशींमध्ये विषाणू शिरलेला होता, आणि त्यातल्या बहुतेक पुढच्या चार दिवसांत नाहीशा झाल्या. माणसातही आतड्यातली सीडी४ पेशींची मोठी हानी पहिल्या काही आठवड्यांतच होते. तेव्हा रुग्णाला फ्लूसारखा ताप येतो किंवा काहीच होत नाही, आणि रक्तातला सीडी४ चा आकडा थोडा खाली जाऊन पुन्हा बराच वर येतो. तो वर आलेला आकडा फसवा असतो.

आतड्यात आणखी एक नुकसान होतं, आणि पुढच्या सगळ्या गोष्टींना तेच पेटतं ठेवतं. टीएच१७ नावाच्या सीडी४ पेशी आतड्याचं अस्तर घट्ट राखायला मदत करतात. त्या लवकर संपतात. अस्तर गळकं होतं आणि आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपू लागतात. त्यांच्यामुळे रोगप्रतिकारयंत्रणा चोवीस तास चेतवलेली राहते. चेतवलेली सीडी४ पेशी हे एचआयव्हीचं आवडतं घर, म्हणून विषाणूला रोज नवा चारा मिळत राहतो. उपचार नसतील तर शरीरात दिवसाला सुमारे एक हजार कोटी नवे विषाणूकण तयार होतात.

ज्या पेशींत विषाणू नांदत नाही त्याही का मरतात

हा प्रश्न बराच काळ कोडं होता, कारण कुठल्याही क्षणी विषाणू बनवत असलेल्या पेशी फार थोड्या असतात. उत्तराचा मोठा भाग असा. लसिकाग्रंथीतल्या ज्या पेशी शांत असतात त्यांच्यात विषाणू शिरतो, पण त्याची जनुकीय नक्कल अर्धवट राहते. पेशीतला पहारेकरी रेणू ते अर्धवट डीएनए ओळखतो आणि पेशी आतून फुटून मरते. या प्रकाराला पायरॉप्टोसिस म्हणतात. फुटताना तिच्यातून दाह वाढवणारी रसायनं बाहेर पडतात, ती आणखी पेशींना तिथे बोलावतात, आणि त्या आल्या की त्यांचीही तीच गत होते. लसिकाग्रंथीच्या ऊतीवरच्या प्रयोगांत मरणाऱ्या सीडी४ पेशींपैकी सुमारे ९५ टक्के पेशी अशा होत्या.

त्याच वेळी लसिकाग्रंथीची रचनाही बिघडते. सततच्या दाहामुळे तिथे कोलॅजेन साचतं, जखमेचा व्रण धरावा तसं. ज्या जाळीदार पेशींवरून टी पेशी सरकतात आणि ज्यांच्याकडून त्यांना आयएल-७ मिळतं ती जाळी तुटते. अननुभवी पेशी आणि मध्यवर्ती स्मृतिपेशी दोघींनाही जगण्याचा इशारा कमी पडू लागतो. उपचार सुरू केल्यावरही काहींचा सीडी४ का वाढत नाही याचं एक कारण हे व्रण आहेत. ते सहज विरघळत नाहीत.

आफ्रिकेतली सूटी मँगबे माकडं इथे फार शिकवून जातात. त्यांच्या रक्तात एसआयव्ही भरपूर असतो, तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. त्यांच्या मध्यवर्ती स्मृतिपेशींवर सीसीआर५ फारच कमी असतं, त्यामुळे विषाणू पहाऱ्यावरच्या पेशी खातो पण बियाण्यापर्यंत फारसा पोचत नाही. शिवाय लागणीचा पहिला टप्पा संपला की त्यांच्या शरीरातला दाह शांत होतो. ऱ्हीसस माकडांमध्ये मात्र बियाणंच हळूहळू आटतं, कार्यकारी पेशींची भरपाई थांबते आणि आजार उभा राहतो. माणसाचं ऱ्हीसससारखं होतं.

क्षयरोगाची आठवण आधी का जाते

एचआयव्ही असलेल्या माणसात क्षयरोगाचा धोका सीडी४ खूप खाली जायच्या आधीच वाढतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांमध्ये लागण झाल्यावर पहिल्याच वर्षात हा धोका दुपटीवर गेलेला आढळला. दुसरीकडे सायटोमेगॅलो या विषाणूमुळे होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार सहसा सीडी४ ५० च्या खाली गेल्यावरच दिसतो. दोन्ही जंतू शरीरात दबून राहणारे, दोघांनाही सीडी४ स्मृतिपेशी आवरून धरतात. मग एवढा फरक का?

कारण त्या पेशींच्या स्वभावात आहे. सायटोमेगॅलो ओळखणाऱ्या सीडी४ पेशी एमआयपी-१बीटा नावाचं रसायन भरपूर सोडतात. हे रसायन सीसीआर५ ला जाऊन चिकटतं आणि एचआयव्हीचं दार अडवतं. क्षयाचा जंतू ओळखणाऱ्या पेशी ते फार कमी बनवतात. त्या आयएल-२ जास्त बनवतात, म्हणजे स्वतःला वाढण्याचा इशारा देतात, आणि वाढणारी पेशी एचआयव्हीला सोपी सापडते. म्हणून क्षयाची आठवण आधी पुसली जाते. एचआयव्हीला ओळखणाऱ्या सीडी४ पेशींचंही असंच. विषाणू जिथे आहे तिथे त्याच सर्वांत आधी धावतात, आणि त्यांच्यातच त्याची लागण इतर स्मृतिपेशींपेक्षा जास्त सापडते. ज्या पेशींनी हा लढा चालवायचा त्याच पहिल्या फळीत जातात.

यातून निघणारी व्यावहारिक गोष्ट सरळ आहे. सीडी४ ५०० असला म्हणून क्षयाकडे दुर्लक्ष करू नये. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं हे प्रत्येक भेटीत विचारलं गेलं पाहिजे. यातलं काही नसेल आणि क्षय नाही याची खात्री झाली असेल, तर प्रतिबंधक उपचार घ्यावा: रोज आयसोनियाझिड ६ महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटीन आठवड्यातून एकदा असे १२ डोस. रिफापेंटीन एचआयव्हीच्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण उतरवतं, त्यामुळे आपली सगळी औषधं डॉक्टरांसमोर ठेवूनच निवड करावी.

थकलेल्या सीडी८ पेशी

सीडी८ पेशींमध्ये एचआयव्ही सहसा शिरत नाही. लागण झालेल्या पेशी शोधून मारणं हे त्यांचं काम. गोवरासारख्या आजारात हे काम दोन-तीन आठवड्यांत संपतं आणि विश्रांतीच्या काळात त्यांच्यातून चांगल्या स्मृतिपेशी घडतात. जुनाट एचआयव्हीमध्ये ती विश्रांती कधी येतच नाही. समोर विषाणू सतत दिसत राहतो आणि पेशी पायरीपायरीने ढासळते. आधी आयएल-२ बनवणं आणि वाढणं थांबतं, मग टीएनएफ हे लढाईचं रसायन जातं, शेवटी इंटरफेरॉन-गॅमा हे दुसरं. पेशी जिवंत असते, जंतू ओळखतही असते, हातून काम मात्र होत नाही.

अशा पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक जास्त प्रमाणात दिसतो. एचआयव्हीमधल्या सीडी८ पेशींबाबत हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. पुढे टिम-३, लॅग-३, टिजिट असे आणखी ब्रेक सापडले. प्रयोगशाळेत पीडी-१ अडवलं की पेशी काही काळ पुन्हा काम करते. तो काळ टिकत नाही, कारण थकवा डीएनएच्या घडीपर्यंत उतरलेला असतो. कोणती जनुकं उघडी आणि कोणती मिटलेली हेच बदललेलं असतं. हिपॅटायटिस सी औषधांनी पूर्ण बरा झाल्यावरही थकलेल्या सीडी८ पेशींवर हे ठसे राहतात, इतके ते पक्के असतात.

सीडी४ पेशींची मदत तुटणं हेही थकव्यामागे आहेच. आयएल-२ आणि आयएल-२१ हे इशारे सीडी४ पेशींकडून यायचे असतात.

उपचारांशिवाय विषाणूला दाबून ठेवणारी माणसं असतात, एक टक्क्याहूनही कमी. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत एचएलए-बी५७ किंवा बी२७ ही जनुकं आढळतात. त्यांच्या सीडी८ पेशी एकाच वेळी अनेक कामं करू शकतात आणि गरज पडल्यावर पुन्हा वाढू शकतात. स्मृतिपेशी शाबूत राहिली तर काय साधतं ते या माणसांत दिसतं.

बी पेशी: प्रतिपिंडं भरपूर, कामाची थोडी

उपचार न झालेल्या रुग्णाच्या रक्तात एकूण प्रतिपिंडांचं प्रमाण वाढलेलं असतं. ते पाहून कुणाला वाटेल की बचाव जोरात आहे. प्रत्यक्षात बी पेशी दाहामुळे उगाचच चेतवल्या जातात आणि दिशाहीन प्रतिपिंडं ओततात. शांत बसलेल्या खऱ्या स्मृति-बी पेशी मात्र घटतात. त्यांच्या जागी थकलेल्या बी पेशी वाढतात, ज्या जंतू दाखवला तरी नीट विभागत नाहीत. परिणामी गोवर, धनुर्वात, न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जिवाणू) यांविरुद्धची जुनी प्रतिपिंडं हळूहळू कमी होतात आणि नव्या लशींना मिळणारा प्रतिसाद फिका पडतो. न्यूमोकोकसच्या साखरेच्या आवरणाला ओळखणाऱ्या आयजीएम या प्रकारची प्रतिपिंडं बनवणाऱ्या स्मृतिपेशीही कमी होतात, आणि न्यूमोनिया या रुग्णांना वारंवार का गाठतो याचं एक कारण त्यात आहे.

आठवणीतच लपलेला विषाणू

आतापर्यंत स्मृतिपेशी मरतात, थकतात हे पाहिलं. एचआयव्ही कायमचा बरा का होत नाही याचं मूळ तिसऱ्याच गोष्टीत आहे: काही स्मृतिपेशी विषाणूला पोटात घेऊन जगतात.

चेतवलेल्या सीडी४ पेशीत विषाणू शिरला की ती एक-दोन दिवसांत मरते. क्वचित एखादी पेशी लागण झाल्या क्षणीच शांत होण्याच्या वाटेवर असते. ती मरत नाही, स्मृतिपेशी बनते. विषाणूचा डीएनए तिच्या गुणसूत्रात शिवलेला असतो, पण त्याचं वाचन बंद. विषाणूचं एकही प्रथिन पृष्ठभागावर येत नाही, त्यामुळे सीडी८ पेशींना ती दिसत नाही. औषधं विषाणूच्या नकलेच्या पायऱ्या अडवतात, आणि इथे नक्कल चालूच नाही, त्यामुळे औषधांनाही धरायला काही सापडत नाही. शांत सीडी४ पेशींच्या दहा लाखांत सुमारे एक पेशी प्रयोगशाळेत जागवली तर खरा, पसरू शकणारा विषाणू देते. संख्या इवलीशी वाटते. पण उपचार थांबवले की बहुतेकांत दोन-तीन आठवड्यांत विषाणू रक्तात परत दिसतो.

हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात असं २००३ च्या मोजणीत दिसलं. या वेगाने दहा लाख पेशींचा साठा संपायला ७३ वर्षं लागतील. तो टिकतो कारण आयएल-७ स्मृतिपेशींना विभागायला सांगतं, तेव्हा पोटातल्या विषाणूच्या डीएनएची आयती प्रत निघते. पेशी आपली आठवण जपण्याचं काम चोख करते, आणि तिच्या नकळत विषाणूही जपला जातो.

उपचारांनी काय भरून येतं

एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, सुरू झाल्यावर सीडी४ दोन टप्प्यांत वाढतो. पहिल्या काही आठवड्यांतली वाढ बरीचशी लसिकाग्रंथींत अडकलेल्या स्मृतिपेशी रक्तात परत आल्याने असते. त्यानंतरची संथ वाढ अननुभवी पेशींची, आणि ती टी पेशी जिथे घडतात त्या थायमस ग्रंथीच्या शिल्लक ताकदीवर, म्हणजे वयावरही, अवलंबून असते. क्षयासारखा दबलेला संसर्ग आधीच शरीरात असेल तर परत आलेल्या स्मृतिपेशी त्याच्यावर एकदम तुटून पडतात. ताप येतो, गाठी सुजतात. म्हणूनच क्रिप्टोकोकस या बुरशीचा मेंदूज्वर असेल तर एआरटी ४ ते ६ आठवडे थांबून सुरू करतात.

गेलेल्या पेशीची ओळख नव्या पेशीत आपोआप येत नाही. हे सर्वांत ठळकपणे दिसलं ते आयएल-२ च्या दोन मोठ्या चाचण्यांत, ज्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. एआरटीसोबत आयएल-२ दिल्यावर सीडी४ चा आकडा खरोखर वाढला, पण आजार आणि मृत्यू कमी झाले नाहीत.

लवकर सुरुवात करण्याचा आग्रह यासाठीच आहे. २०१५ मध्ये निष्कर्ष आलेल्या स्टार्ट चाचणीत सीडी४ ५०० च्या वर असतानाच उपचार सुरू केलेल्यांत, थांबून सुरू केलेल्यांच्या मानाने, गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले. निदान झालं की शक्य असेल तर त्याच आठवड्यात औषध सुरू व्हावं. बियाणं जितकं उरलं असेल तितकं वाचतं, आणि लपलेला साठाही लहान राहतो.

अहवाल वाचताना सीडी४ सोबत त्याची टक्केवारी (एकूण लिम्फोसाइट पेशींत सीडी४ किती) आणि सीडी८ शी असलेलं गुणोत्तरही पाहावं. निरोगी माणसात हे गुणोत्तर साधारण १ च्या वर असतं. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) ५० प्रतींच्या खाली आणि सीडी४ ६०० असूनही गुणोत्तर ०.५ वर अडलेलं असेल, तर आतला दाह अजून शमलेला नाही असं समजावं. अशा माणसाने धूम्रपान, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांकडे जास्त काटेकोर लक्ष द्यावं. सीडी४ चा आकडा दिवसाच्या वेळेनुसार, सर्दीतापाने किंवा स्टिरॉइडमुळे हलतो. एकाच अहवालात तो ५० ने कमी आला म्हणून घाबरून जाऊ नये. टक्केवारी त्या मानाने स्थिर असते.

लशींच्या बाबतीत जुन्या नोंदींवर विसंबू नये. जिवंत विषाणूच्या लशी, उदाहरणार्थ गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्या, सीडी४ २०० च्या खाली असताना देत नाहीत. जिवंत जंतू नसलेल्या लशी कधीही देता येतात, पण २०० च्या वर त्यांचा उपयोग जास्त होतो. जन्मतः लागण झालेल्या ज्या मुलांना एआरटी नीट लागू पडायच्या आधी गोवराची लस दिली गेली, त्यांना औषधांचा चांगला परिणाम दिसू लागल्यावर दोन्ही डोस पुन्हा द्यावे लागतात. हिपॅटायटिस बी च्या नेहमीच्या लशीचा प्रौढांसाठी दुप्पट डोस वापरतात. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडं मोजून ती १० एककांच्या वर आली की नाही ते बघायचं, आणि आली नसतील तर मालिका पुन्हा द्यायची. ही तपासणी अनेकदा राहून जाते, तेव्हा रुग्णाने स्वतःहून मागून घ्यावी.